रुखवतात गेलेलं कपाट

त्या पाटीवर काय लिहिलं आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. ‘देवळालीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आमच्या पणजोबांना मैत्रीखातर दिलेली भेट.’ काचेची पाटी, सोनेरी अक्षरं, वर एक छोटा दिवा. माझ्या शालनआत्याच्या नातवाने, तन्मयने, द्राक्षबागेत हॉटेल काढलं आहे. तिथल्या हॉलमध्ये एक जुनं इंग्रजी रंगीत कपाट उभं आहे आणि त्याच्या शेजारी ही पाटी. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, त्यात हॉलचा फोटो होता. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पाटी वाचली आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. मैत्रीखातर म्हणे. तन्मयचे पणजोबा पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे व्यापारी. त्यांनी जन्मात कुठल्या इंग्रजाचं तोंड पाहिलं नव्हतं. वय झालं की माणूस निवतो असं लोक म्हणतात. माझी सत्तरी उलटली, मी काही निवले नाही. त्या कपाटाची खरी हकीकत ठाऊक असलेली आता दोनच माणसं उरली आहेत, एक मी आणि दुसरी शालनआत्या, आणि आत्याचा सगळा जन्म गप्प बसण्यात गेलेला. तेव्हा मलाच लिहायला हवं.

ते कपाट माझ्या आईचं. आईचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, भगूरच्या बाजूला फुलं पिकवायचे आणि रोज सकाळी सायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांवर नेऊन द्यायचे. इंग्रज जायला निघाले तेव्हा बंगल्याबंगल्यातून सामानाचे लिलाव व्हायला लागले. हिरवळीवर खुर्च्या, पलंग, आरसे मांडलेले आणि व्यापारी बोटांची पेरं आपटून लाकूड तपासत फिरायचे. सागवान असेल तर बोली लागायची. एका मडमच्या बंगल्यावर हे कपाट शेवटपर्यंत तसंच पडून राहिलं, कारण ते सागवान नव्हतं. आतलं लाकूड हलकं, पांढरट. वरून सायीच्या रंगाचा रंग दिलेला आणि त्यावर कुणीतरी हाताने गुलाबांच्या माळा काढलेल्या, निळ्या फितीने बांधलेल्या. दारांच्या वर लंबगोलात एक बाई, उघड्या खांद्यांची, मांडीवर एवढंसं कुत्रं घेतलेली. लाकडाचे व्यापारी हसून पुढे गेले. तात्यांनी ते घेतलं, कारण त्यावर फुलं होती. एवढंच कारण. खानसाम्याने त्यांना सांगितलं, मडम म्हणते हे तिच्या आजीचं आहे, विलायतेहून बोटीतून आलं, हे पोरीला दे, पोराला देऊ नकोस. त्यातलं मडमचं किती आणि खानसाम्याचं पदरचं किती, देव जाणे. पण तात्यांनी ते मनावर घेतलं. दोन मामा हातपाय आपटत राहिले आणि आईच्या लग्नात ते कपाट बैलगाडीतून आमच्या घरी आलं.

आमचं घर गंगापूर रोडला. आज तिथे गाड्यांची शोरूमं आहेत आणि मी ज्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तो आमच्याच वांग्याच्या वाफ्यांवर उभा आहे. तेव्हा सगळी मळ्यांची वस्ती होती. पहाटे विहिरीवरचं इंजिन सुरू व्हायचं, त्याच्या फटफटीनेच आम्हाला जाग यायची. ओसरीवर शेवंतीचे आणि झेंडूचे ढीग पडलेले असायचे, बायका बसून गजरे करायच्या, मेथी-शेपूच्या जुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत पुरुष ते घेऊन बाजारात जायचे. घरभर ओल्या पाल्याचा वास. चुलीवर बाजरीची भाकरी, वर लसणाचा ठेचा, आणि दुपारी फोडणी द्यायला तेल उरलं तर डाळमेथी. माणसं पुष्कळ. थोरले काका, म्हणजे आप्पा, काकू, म्हणजे आईच्या जाऊबाई, त्यांची मुलं, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दादांची धाकटी बहीण शालन. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा शालनआत्या परकर नेसणारी पोर होती. तिची वेणी आई घालायची, तिला ताप आला तर आई उशाशी बसायची. हे नीट लक्षात ठेवा.

त्या एवढ्या माणसांच्या घरात आईची म्हणून एकच जागा होती, ते कपाट. मधल्या खोलीत भिंतीला लावलेलं. बाकी सगळं सगळ्यांचं. चूल सगळ्यांची, पैसा आप्पांच्या हातात, आईचं लुगडंसुद्धा गरज पडली तर जाऊबाई नेसून जायच्या. पण कपाटाला कुलूप होतं आणि चावी आईच्या कमरेला खोचलेली असायची, पितळेची, डोक्याला फुलासारखी नक्षी असलेली. आई कपाट उघडायची तेव्हा करकर असा बारीक आवाज यायचा आणि आम्ही पोरं अंगणात असलो तरी धावत यायचो, कारण खालच्या खणात शेंगदाण्याची चिक्की असायची. वरच्या फळीवर लग्नातला शालू, तात्यांनी दिलेल्या चांदीच्या दोन वाट्या आणि वेखंडाचे तुकडे. मला आई म्हणायची, “कुसे, हे पोरीचं असतं. तुझ्या लग्नात तुझं.” दारावरच्या त्या बाईला आम्ही मडम म्हणायचो. मी रोज शाळेत जाताना तिला सांगून जायचे. आप्पांना मात्र तिचे उघडे खांदे सोसायचे नाहीत. येणारंजाणारं बघतं, म्हणायचे. मग आईने जुन्या खणाचा एक छोटा पडदा शिवून दोऱ्यावर ओवला आणि मडमच्या तोंडापुढे लावला. आप्पा बाजारात गेले की पडदा बाजूला, आप्पा आले की पडदा खाली. मडम बिचारी आमच्या घरच्या सुनांसारखीच वागायची.

शालनआत्याला पिंपळगावचं स्थळ आलं आणि घर हवेत चालायला लागलं. कांद्याची मोठी खळी, स्वतःचा ट्रक, दुमजली घर. मुलगाही चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लग्न आठवड्यावर आलं आणि मध्यस्थ सांगत आला की त्यांच्या थोरल्या सुनेच्या रुखवतात रेडिओ होता. झालं. आप्पांना जेवण जाईना. आमच्याकडे रुखवताची तयारी जोरात होती, बायकांनी कुरडयांचं देऊळ केलं होतं, सुपाऱ्यांचे भटजी-भटणी, साखरेची तुळस, करंज्या, अनारसे, बोटभर जाड शंकरपाळे. पण रेडिओपुढे हे काहीच नाही असं आप्पांनी ठरवलं. मग रात्री जेवताना ते म्हणाले, “आपल्या घरात इंग्रजी कपाट हाय की. त्यात लाडू-करंज्या लावून मधोमध उभं करू. लोक बघत राहतील.”

आई वाढत होती. ती म्हणाली, “रुखवतात मांडलं की ते पोरीबरोबर जातं.”

“नुसतं शोभेला मांडायचं. संध्याकाळी परत जागेवर.”

“आणि त्या लोकांना सांगणार कोण?”

आप्पांनी दादांकडे बघितलं. दादा भाकरी मोडत म्हणाले, “मी सांगीन. त्यात काय एवढं.” आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली, हातातलं भांडं तसंच. ते पुन्हा म्हणाले, “सांगतो म्हटलं ना. माझ्यावर सोड.” शालनआत्या भिंतीपाशी बसून जेवत होती. तिने सगळं ऐकलं. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आईने कपाट रिकामं केलं. शालू, वाट्या, वेखंड, सगळं एका चादरीत बांधून खाटेवर ठेवलं. मांडवात चौघांनी ते उचलून नेलं, आईने फडकं ओलं करून गुलाबांच्या माळा पुसल्या, फळ्यांवर लाडवांच्या उतरंडी लावल्या. दिसत होतं मात्र देखणं, हे खोटं कशाला बोलू. लग्नाला आलेली अख्खी बाई-मंडळी कपाटाभोवती. आत्याची सासू, आम्ही त्यांना विहीणबाई म्हणायचो, ठसठशीत कुंकू, हातात पाटल्या, त्या आल्या, त्यांनी कपाटावरून हात फिरवला, मडमपुढचा पडदा बोटाने वर केला आणि म्हणाल्या, “ही कोण नटवी?” सगळ्या हसल्या. मग त्यांनी दार उघडून आतल्या फळ्या दाबून बघितल्या. पाहुणी बघते तसं ते बघणं नव्हतं, आपल्या मालाकडे बघावं तसं होतं. मी तिथेच उभी होते. मी दादांना शोधत गेले. ते पंगतीत आग्रह करत होते. मी म्हटलं, दादा, त्यांना सांगितलं का? ते म्हणाले, “जा, पाणी वाढ.”

ऊन उतरल्यावर पाठवणी झाली. ट्रक मांडवाला लावला होता. भांडी चढली, गादी चढली, कुरडयांचं देऊळ चढलं, आणि मग त्यांची माणसं कपाटाला भिडली. आई स्वयंपाकाच्या जागेवरून बाहेर आली, हात पिठाचे. तिने फक्त दादांकडे पाहिलं. मांडवातल्या प्रत्येक बाईला कळलं ती काय बघते आहे ते. दादा कपाटापासून हातभर अंतरावर उभे होते, खांद्यावर उपरणं. नवरी रडत होती, तिने पदराआडून पाहिलं आणि परत पदर ओढला. दादांनी घसा साफ केला. मला वाटलं आता सांगतील. ते कपाट उचलणाऱ्यांना म्हणाले, “हळू रे, खाली दगड आहे.”

इतक्या वर्षांत मी माझ्या बापाला पुष्कळ गोष्टी माफ केल्या. त्यांना सिगारेट सुटली नाही ती माफ केली, मला मॅट्रिकनंतर घरी बसवणार होते तेही माफ केलं. हे ‘हळू रे’ माफ करणं मला जमत नाही. मी ओरडले, “ते माझ्या आईचं आहे, ते द्यायचं नाहीये.” दादा दोन ढांगांत माझ्यापाशी आले आणि माझ्या थोबाडीत दिली. त्या आवाजावर कुणीतरी घाईघाईने वाजंत्रीवाल्यांना खूण केली आणि सनई सुरू झाली. आप्पा स्वतः ट्रकवर चढून दोर आवळत होते. विहीणबाई आईपाशी आल्या, अगदी गोड हसून म्हणाल्या, “चावी तेवढी द्या बाई.” चावी आईच्या कमरेलाच होती, पदराखाली. आई म्हणाली, “गडबडीत कुठं पडली, सापडत नाही. सापडली की बघू.” आणि पिठाचे हात झटकत आत गेली.

रात्री आई दादांना एवढंच म्हणाली, “तुम्ही सांगणार होतात.” दादा म्हणाले, “चारचौघांत कसं सांगायचं? पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.” हे चारचौघे मला कुणीतरी एकदा दाखवावेत. माझ्या आईच्या प्रत्येक गोष्टीच्या आड ते येऊन उभे राहिले, आणि मला तर ते कधी आईच्या बाजूला उभे राहिलेले दिसले नाहीत. मधल्या खोलीतल्या भिंतीवर कपाटाच्या जागी पांढुरका चौकोन राहिला होता. आईने तिथे काही ठेवू दिलं नाही. तिचं लुगडं, शालू, सगळं तिने दोरीवर टाकलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

दिवाळीला आत्याला माहेरी आणायला दादा मुराळी म्हणून निघाले. मी हट्टाने बरोबर गेले, मला कपाट बघायचं होतं. पिंपळगावचं घर मोठं, नव्याने रंगवलेलं, दारं-खिडक्या सगळी हिरव्या ऑइलपेंटची. मी सगळ्या खोल्या हिंडले, माडीवर गेले, आत्याच्या खोलीत डोकावले, कपाट कुठेच नाही. मग खळ्यावर गेले. कांद्याच्या राशी, गोण्या शिवणाऱ्या बायका, कांद्याच्या पातीचा आणि डिझेलचा वास. वजनकाट्याशेजारी पत्र्याची खोली होती, तिच्यात ते होतं. हिरवं. दारांसारखं हिरवं, वरपासून खालपर्यंत, पायसुद्धा. गुलाब नाहीत, फीत नाही, मडम नाही. रंग इतका जाड की मुठी चिकटून गेलेल्या. दारं मिटत नव्हती म्हणून मुठींना सुतळी बांधली होती, आणि आत गोण्या शिवायचे दाभण, सुतळीचे गुंडे, उंदराच्या औषधाची बाटली. खालच्या खणात, आमच्या चिक्कीच्या खणात, कुणीतरी कांदे टाकले होते आणि त्यांना मोड आले होते.

मी आत्याला गाठलं. ती माजघरात चकल्या पाडत होती, अंगावर नवं लुगडं, हातभर बांगड्या. मी विचारलं, “रंग कुणी दिला?”

“घराचं रंगकाम चाललं होतं. दारांचा रंग उरला, मग सासूबाई म्हणाल्या त्यालाही मारून टाका. त्या नटवीचं तोंड सकाळी सकाळी बघायला नको म्हणाल्या.”

“आणि तू?”

“मी काय, कुसे?”

“तुला माहीत होतं ना ते परत यायचं होतं. तू का नाही बोललीस?”

ती सोऱ्या दाबत राहिली. म्हणाली, “इथं मला कोण विचारतं. आणि थोरल्या जाऊबाईंचा रेडिओ आहे, माझ्या नावावर तेवढं कपाटच तर आहे.” ज्या कपाटाच्या जोरावर ती त्या घरात ताठ बसणार होती, ते खळ्यावर उंदराच्या औषधासकट पडलं होतं, आणि तरी ती ते सोडायला तयार नव्हती. तेव्हा मला तिचा संताप आला होता. आता कीव येते का? थोडी येते. संताप गेलेला नाही.

घरी आल्यावर आईने मला गोठ्यामागे नेऊन विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, हिरवं आहे. तिने विचारलं, “आणि मडम?” मी म्हटलं, दिसत नाही, रंग लावलाय. आई म्हणाली, “असंल मग आतच.” मग मी कांद्यांचंही सांगितलं. ते ऐकल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इतक्यात दादांनी ओसरीवरून विहीणबाईंचा निरोप सांगितला, की चावी असेल तर द्या, सुतळी बांधावी लागते. आई बाहेर आली. आप्पा, जाऊबाई, आलेले दोन पाहुणे, सगळ्यांच्या देखत, म्हणजे त्या चारचौघांतच, तिने कमरेची चावी काढून दाखवली आणि म्हणाली, “चावी हाय माझ्याकडं. पण कपाटाकडं चावी जायची नाय. कपाटाला चावीकडं येऊ द्या.” आणि परत खोचली. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दादांना वाटलं, बायको रुसली आहे, समजूत काढली की झालं. त्यांनी लोखंडी कपाट आणलं, करड्या रंगाचं, आत आरसा असलेलं. त्या काळात आमच्या वस्तीत लोखंडी कपाट कुणाकडे नव्हतं, बघायला माणसं आली. आईने ते मधल्या खोलीत लावू दिलं, दादांना वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून आले तेव्हा आईने त्यात वरपासून खालपर्यंत कांदे भरले होते. लॉकरमध्ये लसूण. दादा ओरडायला लागले तर ती शांतपणे म्हणाली, “त्यांनी माझ्या कपाटात कांदे ठेवलेत, मी तुमच्या कपाटात ठेवले. तुम्हाला तिथं चाललं, इथं का चालत नाय?” ते कपाट आमच्या घरात दादा जाईपर्यंत कांद्याचंच राहिलं. पाहुणे आले की वास यायचा, पाहुणे विचारायचे, आणि मग कुणाला तरी सगळी गोष्ट सांगावी लागायची. आईला तेच हवं होतं. तिची लुगडी शेवटपर्यंत दोरीवर राहिली. माझ्या लग्नात तिने रुखवत मांडूच दिलं नाही. माझ्या सासरच्यांनी नाकं मुरडली, आईने ढुंकून पाहिलं नाही. निघताना फक्त चावी माझ्या हातात दिली, म्हणाली, “आता ही तुझ्याकडं.” मी नोकरी केली, मुलं वाढवली, तीन घरं बदलली, चावी प्रत्येक घरात माझ्या देवघरामागे खिळ्याला होती.

तर असा इतिहास. आणि हा पोरगा म्हणतो मैत्रीखातर.

सहस्रचंद्रदर्शनाला मी गेले, चावी पर्समध्ये घालून. मुद्दाम गेले, उगाच सोज्ज्वळपणा कशाला करू. हॉल सजवलेला, आत्या मधोमध खुर्चीत, पैठणी नेसलेली, लहान झालेली. तिच्या मागे ते कपाट. तन्मयने जुन्या नाशकातल्या एका कारागिराकडून हिरवा रंग खरवडून काढला होता आणि खाली सगळं होतं. गुलाब होते, जागोजाग उडालेले. निळी फीत होती. आणि मडम होती, खांदे तसेच उघडे, एका डोळ्यात हिरवा ठिपका राहून गेलेला. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि मला आईची आठवण आली, असेल आतच म्हणाली होती ती. तन्मय मागून आला, पाया पडला, मुलगा वाईट नाही. म्हणाला, “आजी, भारी आहे ना? गेस्ट सगळे याच्यासोबत फोटो काढतात. कारागीर म्हणाला कुलूपसुद्धा ओके आहे, फक्त चावी गायब आहे.”

मी म्हटलं, “ही पाटी खोटी आहे, तन्मय. हे माझ्या आईचं कपाट. तिच्या वडिलांनी, फुलं विकणाऱ्या माणसाने, लिलावात घेतलं. तुझ्या घरी ते रुखवतात चुकून आलं आणि कुणी परत केलं नाही.”

तो हसला, अगदी समजूतदारपणे, म्हाताऱ्यांशी हसतात तसं. “असेल आजी. पण गेस्टना स्टोरी लागते. पुढच्या वेळी बघू आपण, तुमचं नाव पण टाकू कुठेतरी.”

कुठेतरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी जागेवर जाऊन बसले. औक्षण सुरू झालं, निरांजनांचं ताट आलं, सगळे आत्याभोवती जमले. कपाटात माहेरवाशिणींना द्यायच्या आहेराच्या साड्या रचून ठेवल्या होत्या. मी उठले, दोन्ही दारं लोटली, चावी घातली आणि फिरवली. ती फिरली. तोच बारीक करकर आवाज. मी वळले तेव्हा दोन बायकांच्या मधल्या फटीतून आत्या माझ्याकडे बघत होती. तिने पाहिलं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघतच चावी पर्समध्ये टाकली आणि जागेवर येऊन बसले.

मग तन्मयने माइक घेतला. आता आजी सगळ्या लेकीबाळींना आहेर करणार, म्हणाला, टाळ्या झाल्या, त्याने माइक आत्याच्या हातात दिला आणि कपाटाची मूठ ओढली. उघडेना. त्याने दोन्ही मुठी ओढल्या. एक वाढपी धावत आला, पेचकस आणू का म्हणाला. तन्मय म्हणाला, “अरे, लॉक कसं होईल, याला चावीच नाहीये.”

आत्याच्या हातातला माइक सुरू होता. तिचा आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू आला. “आहे. वहिनींनी दिली नाही कधी.”

“कुठल्या वहिनी, आजी?”

“ज्यांचं कपाट, त्या.” मग म्हणाली, “ते द्यायचं नव्हतं. नुसतं मांडलं होतं. मला माहीत होतं.”

लोकांना वाटत असेल माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अजिबात नाही. मला भयंकर राग आला. एवढंच तर बोलायचं होतं. एवढी दोन वाक्यं ट्रकला दोर बांधत होते तेव्हा बोलायची होती, तेव्हा माझी आई पिठाच्या हातांनी तिथे उभी होती. आता ऐकायला ती नाही. पण आत्या बोलली, चारचौघांत बोलली, हेही मी लिहून ठेवते.

मी उठून पुढे गेले. तन्मयला म्हटलं, आधी पाटी काढ. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या आजीकडे. आत्याने मान हलवली. त्याने स्वतःच्या हाताने पाटी खाली काढली. मी कपाट उघडलं, साड्या काढून दिल्या, बायकांनी निमूटपणे घेतल्या, मीही माझी घेतली. मग मी पुन्हा कुलूप लावलं आणि चावी घेऊन घरी आले.

काल तन्मयचा फोन होता. आजी, चावी कधी पाठवताय, रिकामं कपाट बंद राहिलंय, बरं दिसत नाही. मी त्याला चावीबद्दलचं माझ्या आईचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. तो म्हणाला, बघतो. बघू दे. मी माझ्या घरच्या हॉलमधला सोफा गॅलरीत काढून भिंत मोकळी करून ठेवली आहे.